पंधरा तास आणि कोनचा रस्ता

धाकटा भाऊ न्यूयॉर्कला निघाला तेव्हा आईने त्याला विचारलं होतं, "किती लांब हाय रं तुझा गाव?" त्याने मोबाईलवर बघून सांगितलं, "साडेबारा हजार किलोमीटर. पण विमानाला पंधराच तास लागतात, आई." कोन गावच्या आमच्या चाळीतल्या पॉवरलूमवाल्या भाडेकरूंचे गोरखपूरला जायला दीड-दीड दिवस मोडतात. मग हा त्यांच्यापेक्षा जवळच की, अशी म्हातारीने स्वतःची समजूत घातली आणि गावभर तेच सांगत सुटली.

आई गेली ती दिवेलागणीला. भावाला फोन केला, तिकडे सकाळ होती. रडत रडत म्हणाला, "ताई, दुपारचं विमान मिळतंय, उद्या दुपारी उतरतो. एकदा तोंड बघू दे मला तिचं. थांबवा." थांबवलं. बर्फाची पेटी आणली.

पण आमच्याकडे मयत उचलेपर्यंत आळीत चूल पेटत नाही. आता घरोघरी गॅस आले, तरी कुकरची शिट्टी वाजली तर शेजारणीला तोंड दाखवायची चोरी. पोरांना नाक्यावरचे वडापाव आणून घातले, मोठी माणसं नुसत्या चहावर. थोरले काका साखरेचे पेशंट, भिंतीला टेकून बसलेले. सकाळपासून जी बाई येई ती रडायच्या आधी विचारी, "इमान कुठं आलं?" मोबाईलमधलं ते इवलंसं विमान बघायला सगळ्या घोळका करून बसल्या. समुद्र ओलांडला म्हटल्यावर एकीने तर हात जोडले.

विमान वेळेवर उतरलं. अख्खी पृथ्वी पालथी घातली, पण उशीर नाही! आणि मानकोलीच्या अलीकडे कंटेनर आडवा झाला. गोदामांच्या ट्रकांनी रस्ता गच्च. मेला तो कोनचा रस्ता! ऊन कललं तरी गाडी तिथंच. शेवटी भावाचा फोन आला, "गाडी सोडली, ताई. चालत निघालोय." त्यानंतर फोनच लागेना.

काका उठले. "सूर्य बुडला तं आजची रात बी गेली. पोरं उपाशी हायत. उचला आता." मी भांडले, त्यांचे पाय धरले. "दोष मना दे," म्हणाले, आणि भावाने धरायचं मडकं स्वतःच्या हातात घेतलं.

माणसं तिला घेऊन खाडीकडच्या स्मशानात गेली. घर धुऊन घेतलं आणि मी ओट्यावर येऊन बसले. अंधारायच्या सुमाराला भाऊ आळीच्या तोंडाशी दिसला. पाठीवर बॅग, बूट धुळीने भरलेले, धापा टाकत पळत येत होता. तेवढ्यात समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तो जागच्या जागी थांबला. बॅग खाली टाकली आणि तिथेच रस्त्यात बसला.

मी धावत गेले. सांगायला त्याच्याजवळ खाली बसले. तोच म्हणाला, "ऐकलं, ताई."

दुसरी शिट्टी झाली. कालपासून उपाशी होती ती माणसं, त्यांचं काय चुकलं होतं? तरी मी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडले, "बंद कर गं मेले तो कुकर!"