गेलेल्या घरांची गीतं

आमच्या घराचं गीत पश्चात्तापाचं होतं आणि ते बाबा उचलायचे. उचलायचे म्हणजे पहिली ओळ एकट्यानं म्हणायचे, मग मंडळी मागून धरायची. बाबांचा गळा चांगला होता, पण घाई नावाची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. एकेक ओळ ते इतकी लांबवायचे, की कडवं संपेपर्यंत माझ्या हातून आणखी एखादं पाप होऊन जाईल अशी मला भीती वाटायची.

हैदराबादेत काचीगुड्याजवळच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रत्येक घराचं असं एक गीत होतं. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, वर्षानुवर्षं म्हणता म्हणता ते त्या घराला चिकटलं होतं. रेल्वेतल्या तिकीटबाबूंच्या घराचं गीत सुगीच्या हंगामाचं. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या घराचं, आजाऱ्याला उठवणाऱ्या प्रभूचं. आणि पेटीवाल्या काकांचं ईस्टरचं, कबरीवरची शिळा सरकून प्रभू उठल्याचं, 'शिळा सरली, उजाडले'. ते गीत म्हणजे आमच्या मंडळीचा जीव होता. काका पेटीवर बोटं टेकवायचे आणि सतरंजीवर बसलेली माणसं आधीच ताठ व्हायची. ईस्टरलाच नाही, नाताळातही ते म्हटलं जायचं, बारशालाही म्हटलं जायचं. दुसऱ्या कुणी ते उचललेलं मात्र कधी ऐकलं नाही. ज्या घराचं गीत त्या घरानंच उचलायचं, हा आमचा शिरस्ता होता.

उपासनेचं सभागृह तेलुगू मंडळीचं होतं. रविवारी सकाळचा पहिला तास आमचा, त्यानंतर त्यांचा. आमच्या तासाला दार उघडायचं काम बाबांचं, म्हणून एक किल्ली कायम त्यांच्या खिशात असायची. कोट बदलला की आधी किल्ली नव्या खिशात जायची, मग पेन.

मग राज्य मोडलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि कचेऱ्यांमधल्या मराठी माणसांना तिकडे पाठवायला सुरुवात झाली. आमची मंडळी म्हणजे बहुतेक कारकून, मास्तर, रेल्वेवाले. आज या घरी सामान बांधलं जाई, पुढच्या महिन्यात त्या घरी. सगळ्यात आधी गेले पेटीवाले काका, औरंगाबादला. पेटी त्यांची स्वतःची होती, तीही गेली.

बाबांचंही नाव औरंगाबादसाठीच निघालं होतं. त्यांनी कचेरीतली नोकरी सोडली आणि जामबागेतल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. "मराठी माणसानं मराठी मुलखात जायचं सोडून इथं काय ठेवलंय?" असं आमचे मामा घरी येऊन विचारून गेले. बाबा म्हणाले, "सगळेच गेले तर रविवारी दार कोण उघडणार?" मामांना ते उत्तर वाटलंच नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नव्हतं. माझ्या मैत्रिणी गेल्या होत्या, आणि मला औरंगाबादला जायचं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ बाबांनीच केला, आणि तोही प्रेमापोटी. काका निघाले त्या रविवारी निरोप म्हणून त्यांचं गीत म्हटलं. बाबा सोडून सगळ्यांचे डोळे वाहत होते. गीत संपल्यावर बाबा उठले आणि म्हणाले, "हे गीत आता यांच्या घरची माणसं परत येईपर्यंत कुणी उचलायचं नाही. यांची जागा आपण राखून ठेवू." मंडळीनं आमेन म्हटलं. फार सुंदर वाटलं तेव्हा. पुढं तिकीटबाबू गेले, त्यांचंही गीत राखून ठेवलं. नर्सबाई गेल्या, त्यांचंही. प्रत्येक निरोपाला एक आमेन आणि एक गीत कमी.

वर्ष सरता सरता आमच्याकडे उरली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं आणि त्यांची गीतं. त्यांत एक मरणाच्या नदीचं, एक अंधाऱ्या खोऱ्याचं आणि आमचं पश्चात्तापाचं. ते सगळ्यांत जास्त म्हटलं जाई, कारण उचलणारे बाबाच. जवळजवळ वर्षभर आम्ही नुसता पश्चात्ताप केला. पेटी नाही, ढोलकी वाजवणारा कुकटपल्लीकडे राहायला गेलेला, आणि त्या काळी कुकटपल्ली म्हणजे परगावच. माणसं येईनाशी झाली. जी यायची ती उदास होऊन घरी जायची. आई एकदा परत येताना म्हणाली, "अहो, उपासनेला जाते की मयतीला, तेच कळत नाही."

ईस्टरच्या थोडं आधी तेलुगू मंडळीचे पाळक घरी आले. त्यांना आम्ही सगळे अय्यगारू म्हणायचो. भला माणूस. चहा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांना त्यांच्या हैदराबादी दखनी हिंदीत म्हणाले, "भाईसाब, बुरा नक्को मानो. हमारी संडेस्कूल में बच्चों को बैठने की जगा नहीं. तुमारे लोगां तो गिनती के आ रहें. ईस्टर के बाद तुम लोगां हमारे साथ बैठ जाव. किल्ली की कुछ जल्दी नहीं."

त्यांनी सहज सांगितलं, पण बाबांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. ते "हौ" म्हणाले. एवढंच. अय्यगारू गेल्यावर बाबा अंगणात जाऊन किल्ली कोटाच्या टोकानं पुसत राहिले. ज्या दारासाठी त्यांनी नोकरी सोडली, औरंगाबाद नाकारलं, नातेवाइकांची बोलणी खाल्ली, ते दारच आता बंद होणार होतं. म्हणजे मामांचंच खरं ठरणार होतं. मला त्या क्षणी बाबांची इतकी दया आली, की औरंगाबादचं माझं सगळं रडगाणं मी तिथल्या तिथं गिळलं.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एका गार्डाबरोबर काकांचा निरोप आला. विभागणीच्या काही फायली अजून हैदराबादेत अडकल्या होत्या, त्या न्यायला त्यांना पाठवत होते. ते ईस्टरच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं पोचणार होते. आईचा चेहरा उजळला. "म्हणजे ईस्टरला 'शिळा सरली' म्हणता येईल!"

"कसं येईल?" बाबा म्हणाले. "तो फायली घ्यायला येतोय. कामापुरता. येणं वेगळं आणि परत येणं वेगळं. आपण मंडळीसमोर शब्द दिलाय."

आई पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच पोळपाटावर ठेवून ती म्हणाली, "उठल्यावर प्रभूसुद्धा चाळीसच दिवस राहिला ना? तो कुठं कायमचा आला होता? मग आपण ईस्टरसुद्धा बंद करायचा का?"

वादात हरले की बाबा शब्दाला जास्तच धरून बसायचे. "शब्द तो शब्द," ते म्हणाले आणि पोळी अर्धी टाकून उठले.

ईस्टरच्या पहाटे आमची प्रभातफेरी निघायची. कंदील, झांजा आणि पांढरे कपडे. सभागृहापासून निघून स्टेशनरोडनं वळसा घालून परत यायचं आणि मग उपासना. पूर्वी ही फेरी निघाली की खिडक्या उघडायच्या. आमच्या गल्लीतल्या इतर मराठी घरांतल्या बायका, एरवी आमच्या सभागृहाची पायरी न चढणाऱ्या, दारात येऊन हसून हात जोडायच्या. त्या वर्षी आम्ही इतके थोडे होतो, की एका कंदिलाच्या उजेडात सगळे मावलो. ही आपली शेवटची फेरी, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि बाबांनी गीत उचललं. कुठलं? पश्चात्तापाचं! ईस्टरच्या पहाटे! दुसरं उरलं होतं काय? आम्ही मान खाली घालून मागून म्हणत निघालो. एक खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली. बहुतेक कुणाच्या तरी घरी दुःख झालंय असं त्यांना वाटलं असावं.

स्टेशनच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा आत गाडी लागल्याची शिटी ऐकू आली. बाबांनी दुसरं कडवं संपवलं आणि श्वास घेतला. तेवढ्या मोकळ्या जागेत आईनं आवाज लावला.

"शिळा सरली, उजाडले!"

आईनं तोवर कधी गीत उचललं नव्हतं. तिला फेरीत सगळ्यांत मागं चालायची सवय. तिचा आवाज उंच आणि थोडा चिरका होता, सुराला अगदी पक्का नव्हता, पण त्यात भीतीचा कण नव्हता. बाबा गर्रकन वळले. क्षणभर सगळे थबकले. मी बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि दुसरी ओळ धरली. माझ्या मागून एका म्हातारबांनी धरली. मग सगळ्यांनीच. वर्षभर कोंडलेलं गीत होतं ते, बाहेर पडलं तसं थांबेना. झांजा कुणाच्या हातात होत्या आठवत नाही, पण त्या फुटतील अशा वाजत होत्या. पटापट खिडक्या उघडल्या. टांगेवाले घोड्यांच्या अंगावरून हात काढून बघायला लागले.

बाबा तेवढे गप्प, रस्त्याच्या मधोमध, कंदील धरून.

आम्ही तिसऱ्या कडव्यावर असताना स्टेशनच्या दारातून एक हमाल बाहेर आला. त्याच्या डोक्यावर पेटी होती. आमचीच पेटी, कोपऱ्यावर पितळी पट्टी मारलेली. तिच्यामागं पेटीवाले काका, धोतराचा सोगा सावरत, पळत. गाडीतून उतरतानाच त्यांना आपलं गीत ऐकू आलं होतं. त्यांनी तिथंच रस्त्यावर हमालाच्या डोक्यावरून पेटी उतरवून घेतली, पट्टा गळ्यात अडकवला आणि चालू कडव्यात सूर मिसळला. तो सूर ऐकून मला रडूच आलं, आणि मी रडत रडत गात राहिले.

गीत संपल्यावर आई म्हणाली, "भावजी, फायली न्यायला पेटी कशाला?"

"फायली काय गातात का, वैनी?" काका म्हणाले. मग ते बाबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "पण तू का गप्प रे? ईस्टरच्या दिवशी?"

बाबांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. गीतं राखून ठेवल्याचं, घरं परत येईपर्यंत न उचलण्याचं. काका ऐकत गेले आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"म्हणजे मी गेल्यापासून माझं गीत बंद?" ते ओरडलेच. "अरे, मी काय मेलो होतो? आणि मेलो असतो तरी म्हणायला हवं होतं!"

"तुझी जागा राखली," बाबा म्हणाले.

"जागा राखली की कुलूप घातलं?" काका म्हणाले आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आम्ही तिकडं काय करतो, सांगू? आमची उपासना दर रविवारी तुझ्या गीतानं सुरू होते. त्या पश्चात्तापाच्या. कुणालाही आवडत नाही, पोरं तर कंटाळतात. पण ते उचललं की वाटतं, तू तिकडं दार उघडत असशील. तू राहिलास म्हणून आमचं एक घर अजून इथं आहे, असं आम्ही पोरांना सांगतो."

बाबांनी कंदील खाली ठेवला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी भर रस्त्यात पाहिलं. मग त्यांनी डोळे पुसले, काकांकडे पाहून मान हलवली आणि तिकीटबाबूंच्या घराचं हंगामाचं गीत उचललं. मोठ्यानं, आणि त्यांच्या मानानं चांगलंच जलद. काकांची बोटं पेटीवर धावली. आम्ही परत फिरलो ते नाचायचं तेवढं बाकी ठेवून. गल्लीतल्या बायका या वेळी दारातच थांबल्या नाहीत, काहीजणी पोरं कडेवर घेऊन सभागृहापर्यंत आल्या.

उपासना आमच्या तासात मावलीच नाही. प्रत्येक गेलेल्या घराचं गीत झालं. बाहेर तेलुगू मंडळी जमली, आमची उपासना संपायची वाट पाहायला लागली, मग दारातून डोकावली, मग आत येऊन सतरंजीच्या कडेला बसली आणि टाळ्यांचा ठेका धरला. शब्द त्यांना कळत नव्हते, पण दगड बाजूला झालाय हे कळायला शब्द लागत नाहीत. अय्यगारू दारातच उभे होते. त्यांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटी बाबांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली. दिलेला शब्द पाळायची खोड जाणार कुठं? अय्यगारूंनी ती बाबांच्या मुठीत परत दाबली. "रखलो, भाईसाब," ते म्हणाले. "बच्चों को हम पेड के नीचे बिठाते. ऐसा गाना बंद करने का गुना मेरे सर पे नक्को."

पुढच्याच रविवारी बाबांनी नवा शिरस्ता घातला. जे घर आपल्यातून गेलं, त्याचं गीत सगळ्यांत आधी. कोण उचलणार याचा प्रश्न नाही, ज्याला आठवेल त्यानं उचलायचं. ढोलकीवाला कुकटपल्लीहून यायला लागला. लांब राहायला गेलेले एकेक करून परत यायला लागले. आमचा तास आजही चालू आहे. आता आमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. ती तेलुगू अक्षरांत गीतं उतरवून घेतात आणि 'ळ'वर जोर देऊन म्हणतात. म्हणू देत.

बाबा गेले, त्यानंतरच्या रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. दार मीच उघडलं होतं. आधी कुणाचं गीत म्हणायचं, ते सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी उचलेना, सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभी राहिले आणि आमच्या घराचं पश्चात्तापाचं गीत उचललं. बाबांसारखं लांबवायला गेले, पण मंडळीनं मला लांबवू दिलं नाही. दुसऱ्या ओळीला ढोलकी आली, तिसऱ्या ओळीला टाळ्या आल्या. आणि ते रडकं गीत आम्ही सगळ्यांनी असं म्हटलं, जसं ईस्टरचंच आहे.