वाळलास रे

काल चुलतबहिणीच्या साखरपुड्यात काकूने माझं मनगट हातात धरलं आणि ती ते सोडेचना. "किती वाळलास रे! शुगर निघाली का?"

आठ महिने मी पहाटे उठून जिममध्ये वजनं उचलतोय. उकडलेली अंडी, बिनतेलाचं चिकन, मोजून घेतलेला भात. यंदा आमरसही चाखला नाही. पोट आत गेलं, दंडांवर शिरा उठल्या. वाटायचं, आता लोक विचारतील, काय केलंस म्हणून. विचारलं ते हे!

"आजार नाही गं, व्यायामाने मुद्दाम उतरवलंय," मी चिडून म्हणालो.

"तुझे काकाही असंच म्हणायचे," ती हळूच म्हणाली.

शेवटच्या वर्षी काका असेच गालांपासून उतरत गेले होते. आपण शरीर कितीही मेहनतीने घडवावं, बघणारा त्यात स्वतःचं दुःखच बघतो. हे कळलं, तरी माझा राग जाईना. एवढ्या कष्टांना नाव काय, तर आजारपण!

काकूने श्रीखंड वाढलं आणि समोर बसून राहिली. मी खाल्लं. तिचा चेहरा एवढा सैलावला की मी धुसफुसतच वाटी पुन्हा पुढे केली.