झाकणं हुंगणारी बाई

डेअरीच्या धक्क्यावर तिला सगळे नाकाबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत. हजेरी घेणारा कारकून तर एकदा रजिस्टरात तेच नाव लिहून मोकळा झाला होता.

तिचं काम सांगितलं की लोक फिदीफिदी हसतात. हसू देत. सकाळी सातला दुधाचे टेम्पो धक्क्याला लागायचे, चाळीस-चाळीस लिटरचे कॅन उतरायचे, आणि ही बाई एकेका कॅनचं झाकण उचलून उलटं नाकाशी धरायची. एक श्वास घेतला की म्हणायची, "घ्या," नाहीतर "काढा." 'घ्या' म्हटलेलं दूध मोठ्या टाकीत जायचं, 'काढा' म्हटलेला कॅन आल्या टेम्पोत परत. आत प्रयोगशाळेत नळ्या होत्या, यंत्रं होती, पण त्यांचा निकाल यायला वेळ लागतो आणि तोवर दूध थांबत नाही. एक आंबलेला कॅन आत गेला की अख्खी टाकी गेली. एकोणीस वर्षांत तिच्या हातून असा एकही कॅन सुटला नव्हता.

पण असलं नाक घेऊन जगायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बसमध्ये शेजारच्याने काल काय खाल्लं ते हिला कळायचं. परक्या घरी पाणी दिलं तर ग्लास तोंडाला लावायच्या आधीच खाली ठेवायची. जेवताना कुणी शिंकलं की ही ताटावरून उठली. भाचीचं तान्हं बाळ मांडीवर दिलं, तर दोन मिनिटांत "धर गं बाई" म्हणून परत. नवरा गेल्यावर ती आणि तिची बिनलग्नाची नणंद अशा दोघीच तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, आणि नणंद सगळ्यांना सांगायची, "आमच्या वहिनीला माणसांची किळस आहे हो." ती काही खोटं सांगत नव्हती.

आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर तो कुलूपवाला होता.

कुलूपं दुरुस्त करणारा, किल्ल्या पाडून देणारा माणूस. जिभेला हाड नाही. जिन्यात थुंकणार, हटकलं तर आई-बाप काढणार. मुलाबाळांचा पत्ता नाही, आणि असले तरी याच्या वाऱ्याला कोण उभं राहणार? साखरेच्या रोगाने पायाला बधिरता आली, तळव्याला जखम झाली, दुकान बंद पडलं आणि स्वारी खोलीत आडवी झाली. दवाखान्याने पट्ट्या दिल्या, औषध दिलं आणि बजावलं की रोज पाय धुवा, रोज पट्टी बदला, जरा बिघडलं की लगेच घेऊन या. कुणी घेऊन जायचं? खानावळीचा माणूस डबा उंबऱ्यावर ठेवून नाक दाबून पळायचा. नाकाबाई तर जिन्यातून उतरताना तळमजला आला की श्वासच घ्यायची नाही.

एका मंगळवारी धक्क्यावर झाकण नाकाशी धरलेलं असताना कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं, "खाली जा. त्याचा पाय धू."

तिने दचकून वर पाहिलं. हमाल कॅन ओढत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. गडबडीत ती "काढा" म्हणाली आणि चांगल्या ताज्या दुधाचा कॅन परत गेला. टेम्पोवाला तासभर भांडला.

बुधवारी तेच. गुरुवारी परत तेच.

नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, "पोटात गॅस धरला असेल. ओवा खा."

पण आवाज कुणाचा ते तिला कळलं होतं. संध्याकाळी खिडकीशी बसून तिने हात जोडले आणि सरळ भांडायलाच घेतलं. "देवा, तुझा पत्ता बरोबर आहे, माणूस चुकलाय. समोरच्या घरात रिटायर झालेली नर्स राहते, तिला सांग. माझी नणंद शेणात हात घालेल, तिला सांग. मी कोण? मेलेलं झुरळ दिसलं तरी मी हाक मारते. मला त्या माणसाची शिसारी येते रे. मला नाही जमायचं." देव काही बोलला नाही. देवाचं हे एक बरं असतं, हुकूम सोडायचा आणि गप्प बसायचं.

शुक्रवारी ती गेली. मनापासून वगैरे नाही, चरफडत गेली. दार लोटलेलंच होतं. आत पाऊल टाकलं आणि वास तिच्या अंगावरच आला. जुना घाम, तंबाखू, मूत, उष्ट्या डब्यात चढलेली बुरशी. उशीशी एक डबा थुंकीने काठोकाठ भरलेला. चादर पाठीला चिकटलेली.

"काय गं, किल्ली हरवली का?" कुलूपवाला म्हणाला.

"तुमचा पाय धुवायला आलेय."

"कुणी पाठवलं?"

"वरून," ती म्हणाली.

"कोणत्या मजल्यावरून?"

तिने पट्टी सोडली. अंगठ्याच्या खाली तळव्याला बोराएवढी जखम होती, पांढरट कडांची, मधोमध ओली. तिने पाणी ओतलं मात्र, सकाळचा चहा, पोळी, सगळं त्याच्याच बादलीत बाहेर आलं. तो मेला पोट धरून हसला. "आता ते पण तूच धू," म्हणाला. तिने धुतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते रडण्याचं होतं की ओकारीचं, तिचं तिलाच कळलं नाही.

असे चार दिवस गेले आणि चारही दिवस ती ओकली. पाचव्या दिवशी तिला शक्कल सुचली. बामाची डबी उघडली आणि दोन्ही नाकपुड्यांत बोटभर बाम कोंबला. डोकं झणझणलं, डोळे भरले आणि वास गायब! खोली तीच, माणूस तोच, पण जणू काचेपलीकडे ठेवलेला.

मग काय विचारता. सकाळी कामावर जाण्याआधी बाम लावून त्याचं लघवीचं भांडं रिकामं करायची. धक्क्यावर शिरताना नळाखाली नाक धुवायची, की झालं. संध्याकाळी पुन्हा बाम, पाय धुणं, पट्टी. चादरी उकळल्या, थुंकीचा डबा घासला. समोरची नर्स जिन्यात थांबवून म्हणाली, "धन्य आहे तुमची, मला पगार घेऊनसुद्धा असं जमलं नसतं." नाकाबाई वरवर "अहो, कसलं काय" म्हणाली आणि आतून फुगली. देवाने आपल्याला बदललं, असं तिला वाटायला लागलं. आपल्यात नव्हतं ते त्याने घातलं! त्याने कसलं घातलंय, घातला होता तो बाम. पण हे तिला कोण सांगणार? नाक मारून सेवा करत होती आणि स्वतःला संत समजत होती. मला तर त्या थुंकीच्या डब्यापेक्षा तिच्या त्या तोऱ्याचीच जास्त शिसारी येते.

जखमेवर खपली धरली. छान कोरडी, तपकिरी. "बघा, भरत आली," ती म्हणाली. "मला कुठे काय कळतंय," तो म्हणाला. खरंच होतं ते. त्या पायाला काही कळतच नव्हतं, आणि तंबाखूने त्याचं नाक केव्हाच मेलेलं होतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तिने नेहमीसारखी झाकणं उचलली. घ्या, घ्या, घ्या. अकराला प्रयोगशाळेतून माणूस धावत आला. टाकी नासली होती. शोधाशोध झाली, रिकामे कॅन तपासले आणि त्यातल्या एकाचं झाकण इन्चार्ज साहेबांनी सगळ्यांदेखत तिच्या नाकाखाली धरलं.

"सांगा आता."

तिने श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. आंबट नाही, गोड नाही, पत्र्याचासुद्धा वास नाही. नुसता एक गारवा. शेजारी उभ्या हमालाने मात्र तोंड फिरवलं होतं.

"नाकाबाई, तुम्ही?" साहेब म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "नाक ठिकाणावर येईपर्यंत धक्क्यावर पाय ठेवू नका."

पण तिचं लक्ष साहेबांकडे नव्हतंच. हे झाकण सुटलं, तर तळमजल्यावर त्या पायापाशी काय काय सुटलं असेल? ती ॲप्रनसकट पळाली. इमारतीत शिरली आणि तिसऱ्या मजल्यावरून नणंदेला ओढत खाली आणलं.

"आत ये आणि मला सांग, कसला वास येतोय."

नणंद उंबऱ्यावरच थबकली, पदर नाकाला लावला. "ई गं! वहिनी, हे सडलंय काहीतरी. आठवडा झाला, जिन्यात येतोय की."

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत! मला वाटलं इथे असाच वास असतो. आणि तू रोज आत बसतेस, तुझ्यापेक्षा मला जास्त कळतंय होय?"

तिने पट्टी सोडली आणि त्या छान कोरड्या खपलीवर अंगठा दाबला. खपलीखालून हिरवट-पिवळं काहीतरी बुळकन बाहेर आलं आणि तिच्या मनगटापर्यंत ओघळलं. कुलूपवाला छताकडे बघत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आत हाडापर्यंत सडलंय. बाहेरून दिसत नाही, पण आठवड्यापूर्वीच वास सुटला असणार. घरात कुणाच्या नाकाला लागला नाही?" दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापला.

चार दिवस नाकाबाई घराबाहेर पडली नाही. बामाची डबी तिने कचऱ्यात टाकली, मिठाच्या पाण्याने नाक रक्त येईपर्यंत धुतलं. आजवर साऱ्या जगाची किळस केली होती, आता स्वतःची येत होती. हाताला ते हिरवं लागलंय असंच वाटत राहायचं. खिडकीशी बसून ती देवाला म्हणाली, "बघ. मी सांगत होते ना, माणूस चुकलाय? एक पाय दिलास सांभाळायला, तोही गेला. आता तरी सोड मला." तिला वाटलं होतं, निदान 'बरं' म्हणेल.

नणंद भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, एक बोलू? देवाला पाय धुवायला हात हवे असते ना, तर तो माझ्याकडे आला असता. माझे हात बरे आहेत. तुझ्याकडे येण्यासारखं तुझ्यात दुसरं आहेच काय, त्या नाकाशिवाय? आणि तू नेमकं तेच बुजवून बसलीस."

नाकाबाई उठली आणि चप्पल पायात घातली.

वॉर्डात शिरतानाच तिला कळलं, नाक परत आलंय. फिनेल, पू, औषधं, कुणाची तरी भरलेली पिशवी, सगळं एकदम. भिंतीला हात टेकून ती क्षणभर उभी राहिली, मग त्याच्या खाटेपाशी गेली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मी नाकात बाम घालत होते. तुमची घाण सहन होत नव्हती म्हणून. माझ्यामुळे पाय गेला."

कुलूपवाल्याने तिला शिव्या दिल्या. मनसोक्त दिल्या, तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. ती मान खाली घालून ऐकत होती. मग शिव्या संपल्या. धापा टाकत त्याने चादर बाजूला केली आणि उरलेला पाय तिच्याकडे सरकवला. काळा, भेगाळलेला, नखं वाढलेला.

"हा राहिलाय," तो म्हणाला. "हुंग."

"इथली नर्स बघते ना रोज."

"नर्स बघते. तू हुंग." त्याचा आवाज फाटला होता. असं काही मागताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

ती वाकली. दोन्ही हातांनी टाच धरली आणि नाक तळव्याला टेकवलं. तोंडात आंबट पाणी आलं, ते तिने गिळलं. एकेक बोट फाकवून, एकेका फटीशी थांबून तिने वास घेतला. टाचेपाशी दोनदा घेतला. तिने तोंड फिरवलं नाही.

"नुसता मळ आहे," ती म्हणाली. "सडलेलं काही नाही."

त्याने डोळे मिटले.

"आणि उद्या?"

"उद्या परत येते," ती म्हणाली आणि तोंड धुवायला नळाकडे गेली.