कंदील जळत होता

विहिरीच्या तळाशी कंदील जळत होता आणि त्याच्या शेजारी माझा मुलगा दिनेश आडवा पडला होता. मी काठावरून हाका मारत होते, सून ओरडत होती, शेजारचा शांताराम आणि त्याचा भाऊ धावत आले होते. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ हरी रिक्षातून उतरून वाडीत शिरला. हातात कलिंगड होतं, जेवायला बोलावलं होतं त्याला. कलिंगड खाली ठेवून त्यानं विहिरीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "इंजिन आत कोनी ठेवलं?" मी म्हटलं, "कंदील जळतोय ना रे, मग ह्याला झालं काय?" तो म्हणाला, "कंदिलाला हे विष कळत नाय, बाय."

ह्याला महिना उलटून गेला. मी चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय नाही. पण पेपरात आलं ते एवढंच की चांदीपला विहिरीत धुरानं गुदमरून एक जण मेला. तो एक जण कोण होता ते लिहायला कोणीतरी पाहिजे. त्याची बायको लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

हरी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर मनवेलपाड्याच्या घरी बसून डोकं चालवायचा. फार हुशार होता असं मी म्हणणार नाही. मिक्सर उघडायचा आणि परत जोडताना दोन स्क्रू उरायचे. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "उरलेल्या स्क्रूंचा दुसरा मिक्सर होईल आता." त्याचा स्वभावच असा की कशाचंही कारण कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये तपासणीचा कागद लावलेला असे. त्यावरची तारीख उलटली की हा नवीन कागद लागेपर्यंत जिन्यानं चढायचा, गुडघे दुखत असताना. शेजारी हसायचे. फोनचंही तेच. अंधारात उजेड पाडायचं काहीतरी त्यानं फोनवर घेतलं, तर ते विचारू लागलं की तुम्ही कुठे आहात हे मला कळू द्याल का. आठवडाभर तो आल्यागेल्याला हेच सांगत होता. "टॉर्चला मी कुठं हाय ते कशाला पायजे, बाय? उजेड पाडायला पत्ता लागतो काय?" मी म्हटलं, "नको असेल तर नाही म्हण आणि जेव." तो म्हणाला, "वाचल्याबिगर हो म्हनायचं नाय आन् नाय पन म्हनायचं नाय."

आमच्यात मामा-भाचे एका होडीत बसत नाहीत. दिनेश लहान असताना आम्ही अर्नाळ्याच्या किल्ल्यावर देवीला गेलो, तेव्हा मी हरीला पहिल्या होडीतून उतरवून मागच्या होडीत बसवलं होतं. सगळ्यांसमोर भांडला माझ्याशी. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते दाखव म्हणाला. मग पलीकडे वाळूत उतरल्यावर पुढे चालत राहिला, आणि देवळाच्या पायरीवर मला म्हणाला, "नियम बरोबर हाय. होडी बुडाली तर एका बाईचा भाऊ आन् पोरगा एकदम जायला नको. आधी कोनाचं तरी दोन्ही गेलं असनार, मग नियम झाला. सगळे नियम असेच होतात, बाय. आधी कोनीतरी मरतो." तेव्हापासून तो नियम पाळू लागला, माझ्यापेक्षाही कडक. भाचा बसला त्या होडीत पाय ठेवत नसे.

विहिरीबद्दलही तो बोलायचा. आमच्याकडे वैशाखात गाळ काढायची पद्धत आहे. माणूस उतरायच्या आधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. विझला तर आत हवा वाईट, जळत राहिला तर उतरायचं. माझ्या सासऱ्यापासून हेच चालत आलंय. हरी दरवर्षी ओटीवर बसून दिनेशला समजावायचा की इंजिन पाणी खेचतच नाही, बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, म्हणून ठराविक खोलीपुढे कितीही मोठं इंजिन लावलं तरी पाणी वर येत नाही. दिनेश ते मन लावून ऐकायचा. त्यापुढेच हरी हेही सांगायचा की डिझेलच्या धुराचं विष कंदील विझवत नाही, माणसाला विझवतं, आणि एक जण आत पडला तर मागून दुसऱ्यानं उतरायचं नाही, कारखान्यात भिंतीवरच लिहिलेलं होतं तसं. पण तोवर जेवणाची पानं वाढलेली असायची आणि आम्ही सगळे उठलेले असायचो...

यंदा वीज गेली म्हणून दिनेशनं डिझेलचं इंजिन आणलं. काठावरून पाणी येईना. मामानं शिकवलेलं त्याच्या लक्षात होतं, म्हणून त्यानं इंजिन दोरानं आतल्या कट्ट्यावर उतरवलं. सकाळभर ते चाललं. मग तळाशी पाइपाची जाळी गाळानं तुंबली, ती साफ करायला इंजिन बंद करून तो उतरला. आधी कंदील सोडला. मीच सोडायला लावला. कंदील चांगला जळत होता.

हरीनं अग्निशमन दलाला फोन लावला. ते निघतो म्हणाले, पण चांदीप कुठे आणि ते कुठे. फोन ठेवून तो काही वेळ काठावर उभा राहिला. त्याला सगळं माहीत होतं. माणूस पेलेल असा दोर एकच होता, तो त्यानं कमरेला बांधला, दुसरं टोक आमच्या हातात दिलं, आणि फोन माझ्याकडे देत म्हणाला, "हा धर. चार्जिंग कमी हाय, टॉर्च लावू नको." मी म्हटलं, "हरी, तू मामा आहेस त्याचा." एवढंच मला सुचलं. तो छाती भरून घेत होता.

तो खाली पोचला, वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मग दोराला हिसका बसला. आम्ही चौघांनी ओढलं. दोराच्या टोकाला दिनेश होता. हरीनं स्वतःच्या कमरेची गाठ सोडून त्याच्या काखेखाली बांधली होती. आम्ही दोर परत सोडला. हरी विहिरीच्या भिंतीतल्या पायऱ्यांकडे सरकत होता, पहिल्या पायरीवर हात ठेवला त्यानं. दोर त्याच्या खांद्यावर पडला होता, तो त्यानं धरला नाही.

शांताराम अंगातला शर्ट काढून उतरायला निघाला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "काकी, सोड, अजून हलतोय तो." हलत होता, मलाही दिसत होतं. मी सोडलं नाही. दोन्ही हातांनी धरून बसले, दल येईपर्यंत. शांतारामला दोन पोरं आहेत. आणि दुसऱ्यानं उतरायचं नाही हे ज्यानं सांगितलं होतं तो खाली होता.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. मी हात सोडला असता तर तिचा नवरा वाचला असता असं तिला वाटतं. मला तसं वाटत नाही, पण मी ते तिला सांगायला जात नाही. दिवसकार्याला मी फोन घेऊन गेले, तो तिनं माझ्या हातून घेतला नाही. म्हणून तो माझ्याकडे, फळीवर, कंदिलाच्या रिकाम्या खिळ्याखाली आहे. मी तो चार्ज करते. रोज त्याच्यावर काहीतरी उगवतं, नवीन काही आलंय, आत्ता घालू की नंतर. मी सगळं वाचते. अक्षर लावून वाचायला मला वेळ लागतो. मग 'नंतर'वर बोट ठेवते.

दिनेश दवाखान्यातून घरी आला आहे. उजवा हात थरथरतो, मधेच शब्द हरवतात. मामा कुठे आहे असं त्यानं एकदा विचारलं, मी सांगितलं, पुन्हा विचारलं नाही. शांताराम काल शेतावर दिसला. विहिरीत दोघं उतरले, तिसरा उतरला नाही. दिनेश जगला, शांताराम जगला.