बंद खोलीतली वाहवा

माझ्या मुलीने व्हायोलिन हातात घेतलं तेव्हा ती दुसरीत होती. तेव्हापासून आमच्या घरातली दुपारची झोप गेली ती गेलीच. मी चांदूर बाजारकडची, शेतकऱ्याच्या घरातली. गाणं म्हणजे लग्नातलं, नाहीतर भजनातलं. एकच सूर अर्धा अर्धा तास घासत बसायचं, हे मला कधी समजलं नाही. रियाज सुरू झाला की मी स्वयंपाकघरातून म्हणायची, झाली का करकर सुरू. पोरगी हसायची आणि घासत राहायची.

तिच्या बाबांचं उलट. त्यांना सुरांतलं कळतं किती ते देव जाणे, पण दाद द्यायला माणूस एकदम मोकळा. वा बेटा, क्या बात है, हे चालूच. दर रविवारी ते तिला अकोल्याहून एसटीने अमरावतीला सरांकडे न्यायचे आणि तिथेही मागे बसून वाहवा करायचे. शेवटी सरच त्यांना म्हणाले, की साहेब, थोडी मैफिलीसाठी शिल्लक ठेवा. आमच्याकडे गाणं ऐकताना गप्प बसणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान, त्याला हे तरी काय करणार!

पोरगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि सरांनी तिचं नाव तरुण वादकांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घातलं. देशोदेशीची पोरं. बहुतेक तिकडचं संगीत वाजवणारी, पण आपल्या रागसंगीतालाही एक विभाग होता. पहिल्या फेरीत रेकॉर्डिंग पाठवलं, निवडली गेली. दुसरी फेरी घरूनच, लॅपटॉपसमोर. परीक्षक तिकडे बसून थेट ऐकणार. यातून निघाली की अंतिम फेरीला परदेशात, खऱ्या सभागृहात. त्या सभागृहाचा फोटो तिने मोबाइलवर लावून ठेवला होता. बोलायची काही नाही, पण झोपायच्या आधी एकदा बघायची. मी पाहिलंय ना.

आता नियम ऐका. वाजवणाऱ्याने बंद खोलीत एकटं बसायचं. तानपुरा आणि तबल्याचा ठेका मोबाइलवर चालेल. बाहेरच्या रस्त्याचा आवाज आला तर माफ, पण खोलीत दुसरं माणूस असलं तर वादन बाद. पुढचं कोणी सांगतंय की काय, अशी त्यांना शंका. मी नवऱ्याला बजावलं, की तुमच्या जिभेला हाड नाही, तुम्ही फाटकाबाहेर थांबा. ते बिचारे टोपी घालून उन्हात उभे राहिले. भंगारवाल्याची गाडी आली की ती चौकातूनच परत पाठवायची, हे त्यांचं काम. शेजारणीला सांगून तिचा मिक्सर बंद ठेवला. समोरच्यांची बोअर बंद ठेवली. सगळ्या गल्लीला मी मूग गिळायला लावले.

राहिला कूलर. फेरी मे महिन्यात, भर दुपारी. अकोल्याचा मे ज्याने सोसला नाही त्याला काय सांगावं! आणि कूलरची घरघर माइकमध्ये जात होती, म्हणून तो बंद. पंखाही बंद. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी, दुसरं काय! खोलीची नुसती भट्टी झाली. पोरगी सारखा हात पुसत होती, तारा उतरत होत्या, ती लावत होती. मी दार लावून बाहेर आले खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीला चक्कर आली तर? तिने सुरू केलं तशी मी दार हळूच ढकललं, ओला टॉवेल घेऊन आत शिरले आणि लॅपटॉपच्या मागे भिंतीला चिकटून उभी राहिले. कॅमेऱ्यात दिसले नाही म्हणजे झालं, असा माझा हिशोब.

तिने डोळे मिटले होते. घामाचा ओघळ हनुवटीवरून व्हायोलिनवर पडत होता. ही करकर मी आठ-नऊ वर्षं ऐकली, पण समोर उभं राहून कधी ऐकलीच नव्हती. पोळ्या लाटता लाटता ऐकली होती. मुलगी एक सूर धरून वर चढली, चढतच गेली, मला वाटलं आता ही परत कशी येते. आणि ती अशी फिरून आली आणि ठेक्याच्या नेमक्या समेवर अलगद बसली, की माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

चांगलं मोठ्याने. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. 

तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पण गज थांबवला नाही. उलट पुढचं जे वाजवलं ते काय सांगू. रडू येत होतं आणि मी टॉवेल तोंडात कोंबून उभी.

वाजवून झालं. लॅपटॉपमधून परीक्षक बाईंनी हसत इंग्रजीत विचारलं, की मध्ये एक आवाज आला, तो रस्त्यावरचा होता का? आता एक 'हो' म्हटलं की निभलं असतं. मी खिडकीकडे बोट दाखवत होते, हात जोडत होते, बाहेरचा म्हण बाई, बाहेरचा म्हण. मुलीला सगळं दिसत होतं. ती सरळ म्हणाली, की नाही मॅडम, ती माझी आई आहे, इथेच उभी आहे.

ते लोक आपसात बोलले. बोलले चांगलं. वादन सुंदर झालं, पण नियम सर्वांना सारखा, ही फेरी धरता येणार नाही. पुढच्या वर्षी नक्की ये. आणि लॅपटॉपमधला आवाज बंद झाला.

मी तिच्यावरच भडकले. स्वतःचा राग कुठेतरी काढायला हवा होता ना. म्हटलं, "कावून सांगतलं तुनं? काय गरज होती? गल्लीतली बाई ओरडली म्हणाली असती तर काय बिघडत होतं?"

तिने गजाचे केस सैल केले, व्हायोलिन पेटीत ठेवलं. डोळे भरले होते तिचे, पण आवाज साफ होता.

"इतक्या वर्षांत एकदा वा म्हटलं तुनं, आई. ते गल्लीतल्या बाईले कावून देऊ?"