उशीवरची चिठ्ठी

रामदासपेठेतल्या त्या अकरा खोल्यांच्या आलिशान हॉटेलात जयवंताबाई खोल्या आवरायच्या. मूळच्या उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. चादरीवर एक सुरकुती राहिली तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. अक्षर मात्र असं वळणदार, की मॅनेजर सुशील हजेरीच्या वहीत त्यांची सही बघत बसायचा.

सुशील नुकताच मार्केटिंगचं शिबिर करून आला होता. जाहिरातीत मोठ्या हॉटेलांपुढे आपला निभाव लागणार नाही, आपण पाहुण्याला आपुलकी द्यायची, असं त्याने सगळ्यांना बसवून सांगितलं. रोज प्रत्येक उशीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी हवी. काम जयवंताबाईंकडे आलं. काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मनापासून काहीही लिहा.

त्यांनी मनापासून लिहिलं. सात नंबरच्या बाईंना, ‘नाश्ता न करता काहून गेल्या?’ तीन नंबरच्या साहेबांना, ‘शर्टाचं बटन तुटलं होतं, लावून देल्लं. ओला टॉवेल पलंगावर टाकत नका जाऊ.’

तीन नंबरचे साहेब चिठ्ठी घेऊन काउंटरवर आले. सुशीलने वाचली आणि आधीच माफी मागायला सुरुवात केली. पण साहेबांना चिठ्ठी घरी न्यायची परवानगी हवी होती. त्यांनी तिचा फोटो इंटरनेटवर टाकला, आणि आठवड्याभरात फोनवर लोक खोलीआधी चिठ्ठीवाल्या मावशींची चौकशी करू लागले.

सुशीलला हुरूप आला. त्याने त्याच चिठ्ठीच्या पाचशे प्रती छापून घेतल्या. मग टी-शर्ट घालणारे पाहुणेही बटन शोधत बसले. एका आजोबांनी अख्खी बॅग पलंगावर उपडी केली. तक्रारी वाढल्या तसा सुशील पुन्हा मावशींपुढे उभा राहिला.

“लिहीन,” त्या म्हणाल्या, “पण ज्याले सांगण्यासारखं काही असन, त्यालेच.”

आता चिठ्ठी न मिळालेले रुसू लागले. पाच नंबरचे साहेब तर तीन दिवस वाट बघून काउंटरवर येऊन बसले. सुशीलने मावशींना गळ घातली.

“त्याईचं सगळं नीटनेटकंच आहे गा,” त्या वैतागून म्हणाल्या. “काय लिहू मी?”

अखेर त्यांनी तेच लिहिलं: ‘तुमच्यात काही खोट सापडली नाही.’

साहेबांनी मुक्काम दोन दिवसांनी वाढवला आणि बायकोलाही बोलावून घेतलं, चिठ्ठी दाखवायला.