नावांची भिशी

आमच्या महाविद्यालयात एक भिशी चालायची. पैशांची नव्हे, नावांची. भौतिकशास्त्राचे आम्ही चार प्राध्यापक. ज्याचा शोधनिबंध निघेल त्याने उरलेल्या तिघांची नावं सहलेखक म्हणून घालायची आणि पुढच्या निबंधात एकमेकांचे संदर्भ द्यायचे. एकाने खपायचं आणि चौघांनी मिरवायचं. हे मी आज सांगतोय ते काही प्रामाणिकपणाचं भरतं आलंय म्हणून नव्हे, चिडून सांगतोय. कारण बढतीच्या वेळी आमच्यासारख्यांचं मोजतात ते एवढंच: तुमचा संदर्भ किती जणांनी दिला आणि तुम्ही किती जणांबरोबर काम केलं. काम काय केलं, हे विचारायला कोणाला सवड नसते.

मला बढती हवी होती. बारा वर्षं मी सहायकच होतो. काल्हेरला धाकटा भाऊ गोदामं भाड्याने देतो. एकदा जेवताना तो म्हणाला, "दादा, आपला गाळा किती फुटांचा हाय ते मी झोपंत पन सांगन. तुझं काम किती हाय ते कोन मोजतं?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." तो पोटभर हसला. मला हसू आलं नाही, कारण ते खरंच होतं.

काम मात्र मी खरं केलं होतं. नारपोलीतल्या एका कापड कारखान्यात माळ्यावर लूम, म्हणजे यंत्रमाग, बसवलेले होते आणि त्यातल्या काहींवर धागा सारखा तुटायचा. का, ते शोधायला मी लूमला कंपनं मोजायचं यंत्र लावून चार महिने आकडे गोळा केले. हाती भोपळा. लूम दुरुस्त करणारा तिथला म्हातारा मिस्त्री रोज बघायचा. एक दिवस न राहवून म्हणाला, "सर, आप गलत लूम को पकड़े हो. धागा इसका टूटता है, पर धक्का बाजूवाला देता है. दोनों साथ में मारते हैं ना, तब."

बारा वर्षं मी मुलांना कंपनं शिकवत होतो. मला हे सुचलं नव्हतं.

पडताळायचं तर आजूबाजूला शांतता हवी आणि ती मिळते फक्त शुक्रवारी, गल्लीतले सगळे लूम बंद असताना. मिस्त्रीची तेवढीच एक सुट्टी. तरी सात शुक्रवार तो दुपारची नमाज आटोपून आला. मालकाला विचारून दोनच लूम चालवायचा, एकाचा ठोका मागेपुढे करून द्यायचा, आणि मी आकडे टिपायचो. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं. निबंधात होतं ते एवढंच.

निबंध पाठवताना प्रत्येक लेखकाची संस्था आणि ईमेल भरावा लागतो. मिस्त्रीकडे दोन्ही नव्हतं. म्हणून नाव राहिलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी त्याचं नाव लिहिलं होतं. आमचे विभागप्रमुख, भिशीतलेच एक, म्हणाले, "पाचवं नाव मिस्त्रीचं? समितीला वाटेल आपण लूम दुरुस्त करतो." मी हसलो आणि नाव काढून टाकलं. ज्येष्ठतेनुसार प्रमुख पहिले लागले, मी तिसरा.

मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी स्क्रीनवरून नजरही उचलली नाही. "संदर्भ एकोणीस. सहलेखकही आहेत. सहकार्य चांगलं दिसतंय." एकोणीसपैकी पंधरा भिशीतले होते. धागा का तुटतो, याचं उत्तर मी आठवडाभर घोकून गेलो होतो. कोणी विचारलं नाही. बढती मिळाली. ज्या मापाला मी बारा वर्षं शिव्या घातल्या, त्याच मापाने मी मोठा ठरलो.

पेढे आणि निबंधाची छापील प्रत घेऊन मी नारपोलीला गेलो. मिस्त्री वर्षभर विचारत होता, "सर, अपना काम छपा क्या?" त्याने हात पुसले आणि प्रत घेतली. सुट्या भागांवरची नावं वाचून वाचून त्याला इंग्रजी अक्षरं लागायची. त्याने चारही नावं हळूहळू जुळवली.

"ये आप. बाकी तीनों कब आए थे, सर?"

"नाही आले," मी म्हणालो.

त्याने पान उलटलं. तिथे एक फोटो होता: लूमची चौकट, तिला लावलेलं यंत्र, आणि ते धरून ठेवणारा एक हात. चेहरा नको म्हणून फोटो मीच मनगटापाशी कापला होता. अंगठ्याला नख नव्हतं. लूममध्ये सापडून गेलेलं. त्याने तो हात ओळखला.

त्याने मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं. लूमच्या खडखडाटात तो शेजारच्या कारागिराला हाका मारत होता, "इधर आ, देख! सर ने मेरा फोटो छापा है."